एकाच हिशोबाची चार उत्तरं: कोड ब्लॉकचा निकाल म्हणजे नक्की काय धरायचं?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट (सोमवार, रात्री १०:५२)

मंडळी, जरा डोकं लावा. मी उद्यमबागेत फौंड्रीत क्वालिटीला आहे, रोजच्या रिजेक्शनचा रिपोर्ट इमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये ठेवतो. म्हणजे एकच फाईल, त्यात वर मजकूर, मध्ये कोड ब्लॉक आणि ब्लॉकच्या बुडाला त्याचा निकाल, कंट्रोल सी दोनदा दाबलं की ताजा आकडा येऊन बसतो. फाईली गोळा करायला शेल, हिशोबाला पायथन, ग्राफला आर, आणि पोरांनी केलेल्या स्क्रीनसाठी थोडं जावास्क्रिप्ट, सगळं एकाच कागदावर. आयडिया झकास आहे, त्यात वाद नाही.

पण निकाल प्रत्येक भाषेत वेगळा वागतोय. आज मुद्दाम सोपं घेऊन बघितलं. तीन हीटचं (हीट म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेला माल) रिजेक्शन १२, १५ आणि ९ किलो, सरासरी १२. आरमध्ये शेवटच्या ओळीत नुसतं मीन लिहिलं, खाली आलं १२. पायथनमध्ये सरासरी काढून शेवटच्या ओळीत व्हेरिएबलचं नाव लिहिलं, खाली आलं ‘नन’. जावास्क्रिप्टला तेच केलं तर ‘अनडिफाइन्ड’. शेलमध्ये एको केलं, म्हणजे छापलं, तर १२ बरोबर आलं, पण सगळीकडं एकसारखं असावं म्हणून ब्लॉकच्या डोक्यावर रिझल्ट्स व्हॅल्यू (छापलेलं नको, किंमत दाखव) असं लिहिलं तर आलं ०.

एकच हिशोब, उत्तरं चार. आता कुणी म्हणंल की प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा, मान्य, पण टूल तर एकच आहे ना? टूलनं सगळ्यांना एकच नियम लावायला नको का?

गोकाक_करदंट (रात्री ११:०१)

शेलवाला शून्य मालकाला दाखव की. रिजेक्शन शून्य, इन्क्रिमेंट पक्की.

खानापूर_आडवाट (रात्री ११:२०)

@उद्यमबाग, शेल खोटं बोललेलं नाही भावा. तू त्याला व्हॅल्यू विचारलीस, आणि शेल स्क्रिप्टला व्हॅल्यू म्हणून एकच गोष्ट असते, एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना तो मागं ठेवतो तो आकडा. शून्य म्हणजे सगळं नीट झालं. तो आकडा ० ते २५५ मध्येच मावतो, त्यामुळं बॅशच्या फंक्शनमध्ये रिटर्न ३०० लिहिलंस तर बाहेर ४४ येतो, ३०० वजा २५६. म्हणजे हिशोबाचं उत्तर त्या वाटेनं पाठवायचंच नसतं, उत्तर छापायचं असतं.

ऑर्गवाल्यांना पण हे कळलं होतं. बाकी भाषांना डिफॉल्ट व्हॅल्यू ठेवलंय आणि शेलला तेवढा अपवाद केलाय, तू काहीच लिहिलं नाहीस तर तो छापलेलं दाखवतो, कारण शेल लिहिणाऱ्या माणसाला तेच पाहिजे असतं. हाताने व्हॅल्यू लिहिलंस की मग कोड मिळणार. म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर एकसारखं करायला गेलास तिथंच बिघडलं.

माझं मत विचारशील तर सगळीकडं आउटपुट कर आणि मोकळा हो. छापलेलं दिसतं, विषय संपला.

चिकोडीची_अनु (मंगळवार, सकाळी ७:१५)

आडवाट दादा, विषय संपत नाही ओ, तिथून तर सुरू होतो, पण त्याच्यावर नंतर येते. आधी पायथनचा नन.

ऑर्ग काय करतं बघा, व्हॅल्यू मोडमध्ये तुमचा अख्खा ब्लॉक उचलून एका फंक्शनच्या पोटात घालतं आणि ते फंक्शन जे परत देईल ते निकाल म्हणून खाली लिहितं. पायथनच्या फंक्शनमध्ये रिटर्न नसेल तर ते नन परत देतं. शेवटच्या ओळीत नाव लिहिलं म्हणजे परत दिलं असं पायथन धरतच नाही. जावास्क्रिप्टचं पण सेम, तिथं नन ऐवजी अनडिफाइन्ड. रिटर्न लिहा, पायथन १२.० देईल (पॉइंट शून्य, कारण पायथन ३ मध्ये साध्या भागाकाराचं उत्तर दशांशातच येतं) आणि जावास्क्रिप्ट १२.

आता खरी गंमत. तोच पायथन ब्लॉक सेशनमध्ये चालवा, म्हणजे मागं एक पायथन उघडंच ठेवून त्यात एकेक ब्लॉक टाकत जायचं. तिथं फंक्शनचं पोट नाही. तिथं शेवटच्या ओळीची किंमत आपोआप निकाल होते, आणि रिटर्न लिहिलंत तर फंक्शनच्या बाहेर रिटर्न म्हणून सिंटॅक्स एरर. म्हणजे एकच भाषा, एकच टूल, एकच ब्लॉक, आणि सेशन असं एक शब्द वर लिहिलं की काल चालणारा कोड आज पडतो. भाषा भाषांमधला फरक मी समजून घेईन, पण हा एकाच घरातला फरक मला कधी पटला नाही.

आरमध्ये हे होत नाही कारण आरच्या फंक्शनमध्ये पण शेवटची किंमतच परत येते. सेशन असो नसो, कोड तोच राहतो. आम्ही ऊस आणि मातीच्या सॅम्पलचे आकडे आरमध्येच करतो, त्यामुळं मी थोडी पार्शल आहे हे धरून चाला.

निपाणी_स्टँड (मंगळवार, दुपारी १:३०)

तुम्ही सगळे अजून इमॅक्समध्येच काय करालाय, ज्युपिटर नोटबुक घ्या की, ब्राउझरमध्ये चालतंय! तिथं ही भानगडच नाही. शेवटच्या ओळीत नाव लिहा, निकाल खाली. प्रिंट केलेलं वेगळं, निकाल वेगळा, निकालाला आऊट आणि नंबर लागून येतोय. कॉलेजात आमच्या सगळ्या लॅब त्याच्यातच.

चिकोडीची_अनु (मंगळवार, दुपारी १:४८)

निपाणी, एक काम कर. पायथनच्या सेलमध्ये तीन ओळीत तीन व्हेरिएबलची नावं लिही, मग आरच्या कर्नलमध्ये (ज्युपिटरच्या मागं त्या भाषेचा कोड चालवणारा प्रोग्राम) तेच कर. पायथन फक्त शेवटचं दाखवणार, आर तिन्ही दाखवणार. कारण आरमध्ये ‘दिसणारी’ आणि ‘न दिसणारी’ किंमत असा भेद भाषेतच आहे, वरच्या पातळीवर नुसतं नाव लिहिलं की छापायचं, असाइनमेंट केली की गप्प. ज्युलियात शेवटी सेमीकोलन टाकलं की निकाल लपतो. ज्युपिटर हे नाव ज्या तीन भाषांवरनं आलं, ज्युलिया, पायथन आणि आर, त्या तिघींचंच एकमेकींशी जमत नाही बघ.

निपाणी_स्टँड (मंगळवार, दुपारी २:२०)

करून बघितलं ताई, खरंच तिन्ही आले आरमध्ये. पायथनला पण सगळं दाखवायचं सेटिंग आहे म्हणे, शेवटच्या एक्स्प्रेशनच्या जागी ऑल लिहायचं. पण ते आपल्या मशीनच्या सेटिंगमध्ये ठेवलं तर माझी नोटबुक सरांच्या मशीनवर वेगळी चालणार. ह्म्म.

तरी पण एक सांगतो, आत ज्युपिटरचं काम स्वच्छ आहे. कर्नलकडून येणारे मेसेजच वेगवेगळ्या जातीचे आहेत. छापलेलं आलं तर स्ट्रीम, त्यात पण स्टँडर्ड आउटपुट आणि एरर वेगळे. ब्लॉकचा निकाल असेल तर एक्झिक्यूट रिझल्ट. चित्र वगैरे दाखवायचं असेल तर डिस्प्ले डेटा. फुटलं तर एरर. भाषा कुठली पण असू दे, यातल्याच एका पिशवीत घालून पाठवायचं. आणि एकच निकाल साधा मजकूर, एचटीएमएल, पीएनजी अशा दोन-तीन रूपात एकदमच पाठवता येतो, समोरचा त्याला जमेल ते दाखवतो. डेटाफ्रेम, म्हणजे ओळी-कॉलमचा डेटा, नोटबुकात टेबल दिसतो आणि टर्मिनलवर मजकूर, ते यामुळंच.

म्हणजे ‘काय निकाल धरायचा’ हे भाषेवर सोडलंय, पण ‘निकाल कसा पोचवायचा’ हे सगळ्यांना एकच. उद्यमबाग दादांना तेच पाहिजे ना?

टिळकवाडी_मास्तर (मंगळवार, रात्री ९:०५)

चर्चा वाचून बरे वाटले. पॉलिटेक्निकला पुष्कळ वर्षे शिकवले, त्यामुळे थोडे मागे जाऊन बोलतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हे भांडण टूलचे नाही, फार जुने आहे. लिस्पमध्ये, १९५८ पासूनची भाषा ती, प्रत्येक गोष्टीला किंमत असते. जे लिहाल त्याचे काहीतरी उत्तर निघतेच. फोरट्रानच्या घराण्यात मात्र आज्ञा वेगळी आणि सूत्र वेगळे. आज्ञेने काम होते, उत्तर येत नाही. पास्कलमध्ये तर आम्ही मुलांना प्रोसीजर आणि फंक्शन असे दोन वेगळे धडेच शिकवायचो, आणि फंक्शनचे उत्तर द्यायचे तर त्याच्याच नावाला किंमत चिकटवायची, रिटर्न नावाचा प्रकार नव्हता. सी मध्ये सुरुवातीला व्हॉइड नव्हता, काही न सांगितलेले फंक्शन इंटिजर देते असेच धरायचे, व्हॉइड १९८९ च्या आन्सी स्टँडर्डने पक्का केला. आणि सी च्या मेनने परत दिलेला शून्य जातो कुठे? ऑपरेटिंग सिस्टीमकडे, एक्झिट कोड म्हणून. आडवाट यांनी सांगितलेला शेलचा शून्य तो हाच. त्यामुळे सी च्या ब्लॉकचा निकाल म्हणजे छापलेलेच धरावे लागते, दुसरे काही धरता येत नाही.

अल्गोल ६८ ने सगळेच सूत्र करून टाकले होते. तो विचार मध्ये मागे पडला आणि आता रुबी, स्काला, रस्ट यांच्यात परत आलेला दिसतो. रस्टमध्ये माझ्या नातवाने दाखवले, ब्लॉकच्या शेवटच्या ओळीला सेमीकोलन नसेल तर ती ओळ म्हणजे ब्लॉकची किंमत, आणि एक सेमीकोलन टाकला की किंमत रिकामी. कंपायलर लगेच ओरडतो की इथे आकडा यायला हवा होता, तो सेमीकोलन काढा. पायथनने नन देऊन गप्प बसण्यापेक्षा हे मला जास्त आवडले.

सांगायचे असे की, ज्या भाषेत शेवटच्या ओळीला किंमतच नाही तिच्यावर बाहेरून टूलने ती लादायची म्हटले तर फंक्शनच्या पोटात घालण्यासारख्या युक्त्या कराव्या लागणारच, आणि युक्ती म्हटली की कुठेतरी शिवण दिसणारच.

गोकाक_करदंट (मंगळवार, रात्री ९:२२)

मास्तर तुमचा नातू रस्ट लिहितोय आणि आमचं एक्सेल पण हँग होतंय. 🙏

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट (मंगळवार, रात्री ११:३५)

शिफ्ट सुटल्यावर वाचलं सगळं. मास्तर, शिवणीचं पटलं. आता आडवाटनं सांगितल्यासारखं सगळीकडं आउटपुट करून बघितलं, सगळ्या भाषांत प्रिंट. दिसायला एकदम एकसारखं झालं. पण अनुताई ‘तिथून सुरू होतो’ म्हणाल्या ते काय होतं?

चिकोडीची_अनु (बुधवार, सकाळी ६:५०)

तुमचा एक ब्लॉक दुसऱ्याला निकाल देतो का? म्हणजे पायथननं हिशोब केला आणि आरनं त्याचाच ग्राफ काढला असं? तर आउटपुट केल्यावर तो ग्राफ चालवून बघा.

व्हॅल्यू मोडमध्ये पायथननं याद्यांची यादी परत दिली की ऑर्ग त्याचं टेबल करतं, तेच टेबल आरला व्हेरिएबल म्हणून दिलं की आरला डेटाफ्रेम मिळते. बॅशला दिलं तर अ‍ॅरे होतो, दोन कॉलम असतील तर नावाने शोधता येणारा अ‍ॅरे. हे सगळं आपोआप. या टूलचा मोठेपणाच तो, नाहीतर एका फाईलीत चार भाषा ठेवायच्या कशाला? कार्स्टन डॉमिनिकनं २००३ मध्ये ऑर्ग सुरू केलं ते नोट्स आणि प्लॅनिंगसाठी, बेबलचं, म्हणजे ऑर्गमधल्या कोड ब्लॉक चालवणाऱ्या भागाचं, हे काम एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी मागून घातलं, आणि व्हॅल्यू डिफॉल्ट ठेवण्यामागं हीच साखळी आहे असं मला वाटतं. आउटपुट मोडमध्ये मात्र छापलेली अक्षरं जातात. आरला यादी मिळत नाही, चौकटी कंसांसकट एक लांब ओळ मिळते.

आणि आडवाट दादा, तुमच्या शेलची पण एक गंमत सांगते. ब्लॉकच्या डोक्यावर काहीच लिहिलं नाही तर छापलेलं दाखवतो म्हणालात, बरोबर, पण त्याचं टेबल करून दाखवतो. गॅप बघून कॉलम पाडतो. पार्टचं नाव ‘पंप बॉडी’ असेल तर पंप एका कॉलममध्ये आणि बॉडी दुसऱ्यात. १२.५० लिहिलेलं असेल तर टेबलात १२.५ होतं, कारण त्यानं तो आकडा समजून वाचला. आणि हातानं आउटपुट असं लिहिलंत की जसंच्या तसं, १२.५० चं १२.५०. म्हणजे डिफॉल्ट आउटपुट आणि लिहिलेलं आउटपुट हे दोन पण एक नव्हेत!

खानापूर_आडवाट (बुधवार, सकाळी ९:४०)

हे टेबलचं मला माहीत होतं, मी कायम व्हर्बॅटिम (जसंच्या तसं ठेव) लिहितो म्हणून त्रास होत नाही. पण मान्य.

तरी पण मी म्हणतो तुम्ही चुकीच्या ठिकाणी भांडालाय. नन आला तर माणसाला कळतं की काहीतरी बिनसलंय, नन कुणी रिपोर्टात सोडत नाही. खरा घोटाळा फुटल्यावर होतो. हे बघा, फाईल वाचायची आणि ओळी मोजायच्या, वाचायला कॅट, मग त्याचं छापलेलं पुढच्या कमांडला देणारा पाइप, मग मोजायला डब्ल्यूसी. आता फाईलच नाही, पेनड्राइव्ह लावायचा राहिला समजा. कॅट ओरडतो की फाईल नाही, पण ते ओरडणं एररच्या वाटेनं जातं, ब्लॉकच्या खाली नाही. डब्ल्यूसीला काहीच मिळालं नाही म्हणून तो इमानदारीत ० छापतो. आणि पाइपचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा, डब्ल्यूसीचा, तो पण शून्य, म्हणजे यशस्वी. तुमच्या रिपोर्टात आलं रिजेक्शन ०. गोकाकनं पहिल्याच रात्री चेष्टेत म्हटलेलं ते असं खरं होतंय.

पायथनमध्ये फाईल नसेल तर तिथंच थांबतो. आर थांबतो. शेल पुढं चालत राहतो, मधली कमांड पडली तरी पुढची ओळ घेतो. भाषांनी शेवटच्या ओळीचं काय पण करू दे, मोडलेला ब्लॉक मोडलेला दिसला पाहिजे, एवढी एक गोष्ट सगळीकडं सारखी झाली तर बाकीचं मी सोडून द्यायला तयार आहे.

टिळकवाडी_मास्तर (बुधवार, सकाळी ११:१०)

हे मात्र शंभर टक्के. नन आणि शून्य यांत फरक आहे. नन दिसल्यावर माणूस थांबतो, शून्य दिसल्यावर सही करतो.

निपाणी_स्टँड (बुधवार, दुपारी ३:००)

आडवाट दादा, पण डिफॉल्टच बदलून टाकत नाहीत का ते लोक? एकदाच काय तो त्रास.

खानापूर_आडवाट (बुधवार, दुपारी ३:१२)

लोकांच्या वर्षानुवर्षांच्या फाईली आहेत रे. कुणाचा थिसिस, कुणाची सर्व्हरची सेटिंग्ज. डिफॉल्ट हलवला की त्या सगळ्या दुसऱ्या दिवशी वेगळं उत्तर द्यायला लागणार. मी स्वतः शिव्या घालीन.

चिकोडीची_अनु (बुधवार, संध्याकाळी ७:३०)

म्हणून डिफॉल्टच्या भरवशावर राहायचंच नाही. फाईलच्या डोक्यावर प्रॉपर्टीची ओळ असते, तिथं भाषेनुसार हेडर आर्ग्युमेंट (ब्लॉकच्या डोक्यावर लिहितो त्याच सूचना) लिहून ठेवायचं, शेलला हे, पायथनला ते. मग फाईल कुणाच्या पण मशीनवर गेली तरी नियम तिच्याबरोबर जातात, निपाणीनं म्हटलेला सरांच्या मशीनचा प्रॉब्लेम येत नाही. सेटिंग स्वतःच्या इमॅक्समध्ये ठेवू नका, ते चोरून ठेवल्यासारखं होतं.

पायथनला दोनच रस्ते. साखळीत असलेले ब्लॉक व्हॅल्यू आणि रिटर्न, नुसते बघायचे ते आउटपुट आणि प्रिंट. सेशन लागलंच तर त्या ब्लॉकमध्ये रिटर्न नको. रिटर्न कोडमध्ये न लिहिता हेडरमध्ये पण देता येतं, त्याच नावाचं आर्ग्युमेंट आहे, म्हणजे कोड बाहेर काढून वेगळा चालवायचा झाला तर आत रिटर्न लोंबकळत राहत नाही.

आणि निकालाला रॉ (काही न गुंडाळता तसाच टाक) हा प्रकार वापरू नका. रॉ निकालाला भोवती काही खूण नसते, त्यामुळं पुढच्या वेळी जुना निकाल कुठं संपतो हे त्याला कळत नाही, जुन्याच्या डोक्यावर नवा चढत जातो. त्यापेक्षा ड्रॉवर लिहा, तो निकालाच्या सुरुवातीला आणि शेवटी खूण घालतो.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट (बुधवार, रात्री ११:५०)

केलं. वर प्रॉपर्टीच्या ओळी टाकल्या. पायथन व्हॅल्यू, आर व्हॅल्यू, जावास्क्रिप्टचा ब्लॉक काढूनच टाकला, त्याचं इथं काम नव्हतं. शेल आउटपुट, आणि शेलकडून टेबल पाहिजे तिथं कॉमा घालून टेबल असं स्पष्ट लिहिलं, पंप बॉडी आता एका कॉलममध्ये बसली. किलोचे १२.५० पाहिजेत तिथं टेबलात न आणता शेवटच्या पायथन ब्लॉकमध्ये मजकूर म्हणून छापतो.

ग्राफचं पण तेच निघालं अनुताई. आरमध्ये फाईलचं नाव दिलं की पीएनजी उघडणं बंद करणं टूलच करतंय, पायथनमध्ये मी स्वतः सेव्ह करून फाईलचं नाव रिटर्न करालोय. असू दे, ग्राफ आरलाच ठेवतो.

आडवाट, ते पाइपचं कसं बंद करू? शेलचे ब्लॉक लय आहेत, प्रत्येकात लिहित बसायचं का?

गोकाक_करदंट (गुरुवार, सकाळी ८:०५)

जाता जाता, टेबलात गावांची नावं देवनागरीत घातली की उभ्या रेघा वाकड्या होत्यात त्याच्यावर काय औषध? हुक्केरी आणि संकेश्वरच्या ओळी एकमेकाला भेटतच नाहीत.

चिकोडीची_अनु (गुरुवार, सकाळी ८:३०)

फॉन्टचं आहे ते, जोडाक्षरांची रुंदी टेबलला नीट कळत नाही. डेटा बरोबरच असतो, एक्स्पोर्ट केलं की पीडीएफमध्ये रेघा सरळ येतात. डोळ्यांना सवय करा.

खानापूर_आडवाट (गुरुवार, सकाळी १०:१५)

@उद्यमबाग, प्रत्येकात नको. ज्या प्रॉपर्टीच्या ओळीत आउटपुट लिहिलंस तिथंच पुढं प्रोलॉग म्हणून सेट मायनस ई (कमांड पडली की थांब) आणि पाइपफेल (पाइपमधली कुठलीही पडली तर पाइप पडला धर) टाक, म्हणजे प्रत्येक शेल ब्लॉकच्या आधी ती ओळ आपोआप चालेल. ब्लॉकची भाषा मात्र बॅश लिही, नुसतं एसएच नको, काही मशीनवर एसएच म्हणजे दुसरंच शेल असतं आणि त्याला पाइपफेल कळेलच असं नाही. डब्ल्यूसी ० छापणारच, तो थांबत नाही, पण आता पाइपचा एक्झिट कोड शून्य राहणार नाही आणि एररची खिडकी समोर उघडेल. एक लक्षात ठेव, ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) काही सापडलं नाही तर तो पण १ देतो, तिथं विनाकारण फुटेल. तेवढ्या ओळीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ट्रू लावून टाक, म्हणजे ती ओळ पडली तरी यशस्वी धरली जाईल.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट (गुरुवार, रात्री ११:४०)

पेनड्राइव्ह काढून चालवून बघितलं. खिडकी उघडली. ग्रेपवाले ब्लॉक उद्या बघतो, त्यातल्या एकात खरंच काही सापडत नाही का फाईलचं नावच बदललंय ते आधी बघायला पाहिजे.